मनगटावरचं हृदय

"काका, स्प्रिंगवर भागणार नाही. छाती उघडावी लागेल."

डॉ. समीना मुजावर हे इतक्या हलक्या आवाजात बोलल्या, की विलासराव फरांद्यांना वाटलं, त्या दुसऱ्याच कोणाशी तरी बोलताहेत. त्यांनी चक्क मागे वळून पाहिलं. मागे कोरी भिंत होती.

"पण मागच्या आठवड्यात तर तुम्ही..." त्यांनी घसा खाकरला. "मागच्या आठवड्यात तुम्ही गोळ्या म्हणाला होतात. फार तर एक स्प्रिंग."

"म्हणाले होते."

"मग आठ दिवसांत एवढं काय झालं हो डॉक्टरीणबाई?" शेजारच्या खुर्चीतून उज्ज्वलानं विचारलं. ती विलासरावांची बायको. "आठ दिवसांत ह्यांनी काडी उचललेली नाही. खुर्चीतून उठले ते फक्त जेवायला."

आठ दिवसांपूर्वी, वाचनालयाच्या जिन्यावर दोन जाडजूड ग्रंथ काखेत मारून चढताना विलासरावांच्या छातीत आवळून आलं होतं. वय एकोणसत्तर. चौतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात जमिनींचे नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यात कोणाशी चढ्या आवाजात बोलले नव्हते, आणि स्वतःच्या कुठल्याही मतावर त्यांचा स्वतःचाच पुरता भरवसा नव्हता. स्कॅन झाला, हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले, एक साठ टक्के, एक सत्तर. 'घाबरण्यासारखं नाही' असं डॉ. मुजावर म्हणाल्या, तेव्हा विलासरावांनी ते वाक्य घरी जाताना रिक्षावाल्यालासुद्धा ऐकवलं होतं.

आणि आज डॉक्टरांच्या टेबलाच्या वीतभर वर, उजेडाचं बनलेलं एक हृदय हवेत आकसत-फुलत होतं.

"हे तुमचं प्रतिहृदय," डॉ. मुजावर म्हणाल्या. "काल तयार झालं."

समोरच्या पडद्यावर बंगळूरहून केतकी होती, विलासरावांची एकुलती एक मुलगी. तिनं पुढे झुकून पाहिलं. "बाबा, घाबरू नका हं. आधी नीट ऐकून घ्या."

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःला रक्त मिळतं ते त्याच्याच अंगावरून गेलेल्या तीन बारीक धमन्यांतून. त्या आतून चरबी साचून अरुंद झाल्या आणि गोळ्यांनी भागेनासं झालं, की दोन वाटा उरतात. पहिली वाट मनगटातून जाते. एक बारीक तार सरकवत हृदयापर्यंत न्यायची, अरुंद जागी फुगा फुगवायचा आणि तिथे जाळीची नळी ठेवून बाहेर यायचं. तिला स्टेंट म्हणतात; साताऱ्यात सगळे स्प्रिंग म्हणतात. दोन दिवसांत माणूस घरी. पण स्प्रिंग फक्त आपल्या जागेपुरती राखण करते. बोटभर पुढे नवा अडथळा झाला, तर तिचा काही उपयोग नाही. दुसरी वाट बायपासची. छातीचं हाड उभं कापायचं, छातीच्या आतल्या अंगाची एक धमनी आणि पायातली शीर घेऊन ती अडथळ्याच्या पार पलीकडे जोडायची. म्हणजे जुना रस्ता तसाच सोडून नवा वळणरस्ता. मग जुन्या रस्त्यावर पुढेमागे आणखी दगडधोंडे पडले, तरी रक्त पोचतं. मात्र त्यासाठी माणसाला दोन-तीन महिने झिजावं लागतं, आणि थोडे काही टेबलावरून उठतच नाहीत.

कोणाला कोणती वाट, यावर डॉक्टर मंडळी कित्येक वर्षं भांडली होती. हजारो रोग्यांवर चाचण्या झाल्या. त्यांतून हजारांचं कळलं, एकाचं नाही. प्रतिहृदय आलं ते त्या एकासाठी. स्कॅनवरून रोग्याच्या धमन्या हुबेहूब संगणकात उभ्या करायच्या, त्याची साखर, चरबी, रक्तदाब त्यात भरायचे, आणि मग त्या हृदयाला तीन आयुष्यं जगायला लावायची: एक नुसत्या गोळ्यांवर, एक स्प्रिंग घालून, एक बायपास करून. दीड तासात ते यंत्र तिन्ही वाटांनी दहा-दहा वर्षं जगून येई आणि कुठल्या वाटेवर काय झालं ते सांगे.

"पण नुसत्या स्कॅनवर आम्ही जात नाही," डॉ. मुजावर सांगत होत्या. "कालवा किती रुंद आहे ते स्कॅनवरून कळतं. शिवाराला पाणी किती लागतं, ते नाही कळत. ते माणसाच्या रोजच्या जगण्यातून काढावं लागतं. म्हणून तुमच्या पट्ट्याची दीड वर्षाची नोंद त्यात घातली."

विलासरावांचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला. तिथे राखाडी पट्टा होता. आज सकाळीच बांधलेला.

"पट्ट्याची?"

"हो बाबा, परवानगी मी दिली," केतकी म्हणाली. "बरं झालं ना? नाहीतर कळलंच नसतं."

"कळलंच नसतं," डॉ. मुजावरांनी मान हलवली. "स्कॅन म्हणतो, अडथळा बेताचा आहे. पट्टा म्हणतो, हे हृदय रोज उपाशी राहतंय. दोन्हींचा मेळ बसेना. अशा वेळी यंत्र पट्ट्याला जास्त मानतं, कारण स्कॅन एका घटकेचा असतो आणि पट्टा दीड वर्षाचा. त्यानं तिन्ही आयुष्यं चालवून पाहिली. गोळ्यांवरचं हृदय सहाव्या महिन्यात थांबलं. स्प्रिंगवरचं तिसऱ्या वर्षी. बायपासचं दहा वर्षं चाललं."

"अगं बाई," उज्ज्वला एवढंच म्हणाली. तिनं विलासरावांच्या दंडाला धरलं.

डॉक्टरांनी बोट फिरवलं. हृदयाखाली एक रेघ उमटली, सकाळच्या सुमारास उंच उसळणारी. "हे बघा, रोज सहा चाळीस ते सव्वासात. चढ आहे. अजिंक्यतारा चढता ना तुम्ही?"

"रोज!" उत्तर पडद्यावरून आलं. केतकीचे डोळे भरले होते तरी आवाजात अभिमान होता. "सहा हजार पावलं. एक दिवस चुकवत नाहीत."

विलासरावांनी पट्ट्यावरून बाही खाली ओढली.

"आणि हा चौदा मार्च. सकाळी अकरा वीस. हृदयाचा पुढचा भाग नऊ मिनिटं रक्तावाचून होता. नऊ मिनिटं, काका! काय करत होता तुम्ही?"

चौदा मार्च विलासरावांना आठवत होता. त्या दिवशी जुन्या गॅझेटिअरचा एक दुर्मीळ खंड टपालानं आला होता आणि सकाळपासून ते खुर्चीत त्यात बुडाले होते. उज्ज्वला गच्चीवर कुरडया घालत होती. साडेअकराच्या सुमाराला ती रिकामं पातेलं घेऊन जिन्यावरून खाली आली आणि पातेलं कडेला ठेवून शेवटच्या पायरीवरच बसली. 'पित्त उसळलंय वाटतं,' असं काहीतरी म्हणाली. 'आवळासुपारी घे,' ते म्हणाले होते. मान वर न करता.

त्यानंतर पहिली गोष्ट जी विलासरावांच्या मनात आली, तिची त्यांना पुढे कायम लाज वाटली. त्यांना हायसं वाटलं. हे माझं हृदय नाही! माझी छाती वाचली! त्यांनी खरोखरच सुटकेचा श्वास घेतला, आणि तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आत त्यांची नजर आपल्या दंडावरच्या हाताकडे गेली. उज्ज्वलाच्या मनगटावर, बांगड्यांच्या मागे, दोन बोटं रुंदीचा एक फिका पट्टा उमटलेला होता. दीड वर्ष ऊन न लागलेल्या कातडीचा.



दीड वर्षापूर्वी केतकीनं तो पट्टा पाठवला होता. बाबा दिवसभर वाचत बसतात, चालत नाहीत, ही तिची काळजी. पहिल्या दिवशी आठशे पावलं झाली आणि संध्याकाळी तिचा फोन आला. अर्धा तास बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उज्ज्वला नेहमीप्रमाणे गल्लीतल्या बायकांबरोबर गडावर निघाली, तेव्हा विलासरावांनी पट्टा तिच्या हाताला बांधला. 'एवढा घेऊन जा गं. पाय तुझे, पावलं माझी.' ती हसली होती. 'बरं. तुमचा पण गड मीच चढते.' त्या संध्याकाळी केतकीनं शाबासकी दिली. ती त्यांना आवडली. सकाळचे तीन तास त्यांच्या वाचनाचे होते आणि आता ते कोणी मोडणार नव्हतं. एका दिवसाची गंमत आठवड्याची झाली, मग महिन्याची, आणि मग खरं सांगायची वेळ निघून गेली. पट्टा उज्ज्वलाच्या हातावरच राहिला, दिवसा आणि रात्रीही.

"मॅडम," विलासराव म्हणाले, "एक विनंती होती. हिचाही एक स्कॅन काढाल का? आत्ता?"

"माझा?" उज्ज्वलानं त्यांच्याकडे पाहिलं. "मला काय धाड भरलीय?"

"काढून टाकू ना. आलोच आहोत."

"तुमची छाती फाडायची चाललीय आणि मी फोटो काढत बसू? काहीतरीच काय बोलता!"

"काकूंचं नंतर बघू," डॉ. मुजावर समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "आधी तुमचं. परवाची तारीख मिळतेय."

आता सांगणं भाग होतं. विलासरावांनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं, केतकीकडे, आणि नजर खाली घातली. ते आपल्या धंद्याची भाषा बोलले, कारण दुसरी कुठली त्यांना सुचली नाही.

"मॅडम, आमच्या कार्यालयात एकदा एका मोजणीदारानं तीन दिवस खपून एक शेत मोजलं. एक इंचाची चूक नव्हती. फक्त शेत शेजाऱ्याचं होतं." ते थांबले. "इथं तेच झालंय. पट्टा माझा आहे. मनगट हिचं."

टेबलावरचं हृदय आपल्या लयीत धडधडत होतं आणि आता त्याच्याकडे पाहायला विलासरावांना धीर होईना.

"कधीपासून?" केतकीनं विचारलं.

"तू पाठवलास, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"म्हणजे मी रोज फोन करून ज्याचं कौतुक करत होते..."

"ती तुझी आई."

"मी निघते तिकडे," केतकी म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

उज्ज्वला हसली. खरंच हसली. "अहो, काय तुम्ही! एवढंच ना? अहो डॉक्टरीणबाई, पट्टा बिघडला असेल. मला काही होत नाही. मी रोज गड चढते." असं म्हणत ती पाणी घ्यायला उठू लागली.

"काकू, उठू नका."

डॉ. मुजावरांचा आवाज एकदम बदलला होता. त्या स्वतः मात्र उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बसल्या आहात तशाच बसा. हातसुद्धा उचलू नका." त्यांनी दार उघडून बाहेर हाक दिली, "चाकाची खुर्ची आणा. लवकर!"

"कोणाला?" उज्ज्वलानं विलासरावांना विचारलं. तिला अजून कळलं नव्हतं. "अहो, कोणाला खुर्ची?"

*

संध्याकाळी पाच वाजता डॉ. मुजावरांनी विलासरावांना बाहेर बोलावलं. खिडकीच्या कट्ट्याला टेकून त्या बोलल्या.

"तिन्ही धमन्या. आणि डाव्या बाजूची मुख्य धमनी अगदी तोंडाशीच, पंच्याऐंशी टक्के. रोज ह्या हृदयानं त्या बाई गड चढत होत्या. कशा, ते मला विचारू नका."

"पण ती कधी दुखतं म्हणाली नाही हो."

"साखर किती वर्षं आहे त्यांना?"

"चौदा."

"साखरेनं नसा बोथट होतात, कळ जाणवत नाही. आणि बायकांचं तर आणखी वेगळं. छातीत दुखेलच असं नाही. जबडा ठणकतो, पाठ भरून येते, दम लागतो, मळमळतं. त्या पित्ताची गोळी घेऊन कामाला लागतात." त्या जरा थांबल्या. "तुम्हाला एकट्याला बोल लावत नाही मी. तुमचा इथला कार्डिओग्राम आणि पट्ट्याचा आलेख, दोन्हींचा आकार वेगळा होता. मला दिसला होता. मी म्हटलं, पट्टा सैल बसला असेल."

"मग यंत्र चुकलं म्हणायचं का?"

"यंत्र?" त्या कडवट हसल्या. "यंत्राला आम्ही सांगितलं होतं, हा एकोणसत्तर वर्षांचा पुरुष आहे. चुकीचा माणूस, चुकीच्या धमन्या. तरी ते म्हणत होतं, बायपास करा. आता काकूंचा स्कॅन आणि पट्ट्याची नोंद एकत्र घातली, तर सगळं चपखल बसलं. एक शंका काढली नाही त्यानं."

"आणि मी?"

विचारल्याबरोबर त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

"तुम्हाला गोळ्या," डॉ. मुजावर म्हणाल्या. "आणि चालणं. स्वतःच्या पायांनी."

*

उज्ज्वलाला खिडकीजवळची खाट मिळाली होती. तिच्या छातीवर वायरी चिकटवल्या होत्या आणि तिला पाय खाली सोडायची बंदी होती. पाहुण्यांनी अस्ताव्यस्त केलेल्या घराकडे पाहावं, तसं ती या सगळ्याकडे पाहत होती.

"म्हणजे मरणारी मी," विलासराव आत आल्यावर ती म्हणाली. "आणि गेले आठ दिवस मऊ भात करून घालत होते तुम्हाला."

ते स्टुलावर बसले. डॉ. मुजावरांनी दोन्ही वाटा तिला समजावून सांगितल्या, काही न लपवता. तीन स्प्रिंगा घालून घेतल्या, तर चार दिवसांत घरी, महिन्याभरात हिंडूफिरू लागाल. पण यंत्रानं तुमचं हृदय त्या वाटेवर शंभरदा चालवून पाहिलं. चौथ्या-पाचव्या वर्षी बहुतेक वेळा पुन्हा अडथळे आले आणि दहाव्या वर्षी शंभरांतली त्रेपन्नच हृदयं चालू होती. बायपास केला, तर शंभरांतली चार पहिल्या महिन्यातच गेली. साखरेमुळे जखम चिघळायची भीती. तीन महिने वजन उचलायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, खोकताना छातीशी उशी धरायची. पण दहाव्या वर्षी एक्क्याऐंशी चालू.

"स्प्रिंग," उज्ज्वला लगेच म्हणाली.

"काकू, आकडे ऐकलेत ना तुम्ही?"

"ऐकले. दहा वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तरची. तोवर कोण बघायला बसलंय? तीन महिने मी खाटेवर पडले तर घर कोण चालवणार? ह्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. नकाशे काढायचे, कुकर नाही लावायचे कधी."

हे खरंच होतं.

डॉ. मुजावर हातातल्या पाटीवर पट्ट्याच्या नोंदी चाळत होत्या. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"एक गोष्ट माझ्या ध्यानात येत नाही. असं काही झालं की पट्टा मालकाच्या फोनवर इशारा पाठवतो. दहा मिनिटांत तो कोणी बंद केला नाही, तर मुलीकडे जातो. इथं तेवीस इशाऱ्यांची नोंद आहे. केतकीकडे एकही गेलेला नाही."

उज्ज्वलानं मान वळवली.

"अहो?"

तो फोन विलासरावांच्या सदऱ्याच्या खिशात होता, आणि त्या घटकेला तो त्यांना निखाऱ्यासारखा वाटत होता.

"आले होते," ते म्हणाले.

"तेवीस?"

"मोजले नव्हते मी."

"आणि?"

"बंद केले."

"का?"

"केतकीला गेले असते तर तिनं फोन केला असता. मग सगळं उघडं पडलं असतं." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आणि मी खुर्चीत बसलेलो असायचो. लिहून यायचं, तुमच्या हृदयावर ताण आहे, थांबा, विश्रांती घ्या. मला काहीच होत नसायचं. मी मनात म्हणायचो, यंत्राला अक्कल नाही."

"आणि पट्टा माझ्या हातात."

"हो."

"हे तुम्हाला ठाऊक."

"हो."

"तरी?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. विसरलो, लक्षात आलं नाही, असं काहीही. पण ते विसरले नव्हते. पट्टा तिच्या हातावर आहे हे त्यांना रोज ठाऊक होतं, आणि फोनवरचा इशारा आपल्याविषयी आहे असंही त्यांना रोज वाटत होतं. ह्या दोन गोष्टी दीड वर्ष त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या होत्या आणि त्यांची एकदाही गाठ पडली नव्हती.

"तरी," ते म्हणाले.

उज्ज्वलानं त्यांच्यावरची नजर काढली. मग ती बोलली ती डॉ. मुजावरांशी.

"बायपास करा."

"सावकाश विचार करा, काकू. उद्या सकाळपर्यंत..."

"झाला विचार. घर कोण बघणार, एवढंच अडलं होतं ना? हे बघतील." ती विलासरावांकडे वळली नाही. "तीन महिने. कुकर, कपडे, भांडी, माझी वेणी. सगळं."

*

ऑपरेशन तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला होतं. केतकी येऊन पोचली होती. आईला भेटून ती रडली, वडिलांशी बोलली नाही, आणि आता खाली रक्ताच्या पिशव्यांच्या कागदांत गुंतली होती. उज्ज्वलाला हिरवा झगा घातला होता. बांगड्या आणि मंगळसूत्र एका पिशवीत घालून ती पिशवी विलासरावांकडे दिली होती. दीड दिवसात ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली होती. पाणी द्या. पंखा कमी करा.

"फोन आहे का जवळ?" तिनं विचारलं.

"आहे."

"ते तेवीस आहेत त्यात, की पुसले?"

"बंद केले तरी नोंद राहते."

"वाचा."

विलासरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. त्यांनी चष्मा लावला. यादी दोनदा पुढे सरकली, ती त्यांनी मागे आणली.

"पहिला. बावीस ऑक्टोबर. सकाळी सहा अठ्ठावन्न."

तिनं डोळे मिटले. "गडाच्या वाटेवर, चार भिंतींच्या वरचं वळण. गल्लीतल्या शालनवहिनी पुढे गेल्या. मी चपलेतला खडा काढल्यासारखं केलं. खडा नव्हता."

"तीन नोव्हेंबर. दुपारी चार दहा."

"चकल्या. सोऱ्या दाबत होते. पीठ घट्ट झालं होतं म्हटलं."

"अकरा डिसेंबर. सकाळी दहा पाच."

"तुमचं पुस्तकांचं कपाट ओढलं. मागे वाळवी लागली होती. तुम्ही बाहेरच्या खोलीत होता."

"मला हाक मारायची होतीस."

"वाचत होता. पुढचा."

"वीस जानेवारी. सात वाजून पाच."

"मंगळाईच्या देवळापाशी. डाव्या जबड्यात ठणका आला. मला वाटलं दाढ. दाताच्या डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं होतं मी तुम्हाला."

"मी काय म्हणालो?"

"'जाऊ' म्हणालात."

दारात एक परिचारिका येऊन उभी राहिली आणि काय चाललंय ते न कळून परत गेली. विलासरावांनी पुढची ओळ वाचली. "नऊ फेब्रुवारी. दुपारी एक पस्तीस."

उज्ज्वलाची बोटं चादरीच्या काठावरून फिरत राहिली. ती आठवत असेल असं त्यांना वाटलं.

"हे नसेल आठवत तर सोडू या."

"आठवतंय," ती म्हणाली. "तेव्हा मी काहीच करत नव्हते. जेवून तुमच्या शेजारी बसले होते, सोफ्यावर. पाठीत भरून आलं होतं. फोन मधे ठेवलेला होता. तो वाजला. तुम्ही पाहिलं आणि हसलात. मी म्हटलं, काय हो? तुम्ही म्हणालात, काही नाही गं, यंत्र खुळं झालंय." तिनं डोळे उघडले. "मग मीही हसले."

विलासरावांनी चष्मा काढला. अक्षरं दिसत नव्हती म्हणून काढला, आणि काढल्यावरही दिसेनात.

"मला नाही जमत, उज्ज्वला."

"जमवा. तेवढं तरी करा." आवाजात राग नव्हता. रागापेक्षा तो शांतपणा त्यांना सोसवेना. "हे माझ्या अंगात झालं आणि कागद तुमच्याकडे गेला. आता मला ऐकू द्या माझं मला."

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचू लागले. तारीख. वेळ. तिनं सांगायचं, त्यांनी ऐकायचं. कुठे पाण्याची घागर होती, कुठे भाजीची पिशवी, कुठे शेजारच्या मुलीच्या हळदीतलं नाचणं. प्रत्येक वेळी ते कुठे होते हे तिनं एकदाही सांगितलं नाही. ते त्यांना ठाऊक होतं.

स्ट्रेचर घेऊन दोघे वॉर्डबॉय आत आले. "चला मावशी. झाली तयारी?"

"किती झाले?" तिनं विलासरावांना विचारलं.

"सोळा."

दोघांनी तिला अलगद स्ट्रेचरवर घेतलं, चादर गळ्यापर्यंत ओढली. चाकं फिरली. विलासराव शेजारून चालू लागले. तिच्या खाटेवरून ऑपरेशनच्या खोलीपर्यंतचा बोळ लांब होता, तरी तो त्यांना पुरला नाही. लाल दारापाशी परिचारिकेनं त्यांच्यापुढे हात आडवा धरला.

"सात राहिले ना?" उज्ज्वला म्हणाली.

"सात."

"आत्ता नका वाचू. मी आल्यावर वाचा."

दार मिटलं. विलासराव समोरच्या बाकावर बसले. फोन अजून उघडा होता आणि सतरावी ओळ त्यांच्या अंगठ्याखाली होती. कुठलंही पान मधेच सोडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी अंगठा तसाच त्या ओळीवर दाबून धरला, आणि दाराकडे पाहत राहिले.